जायफळाएवढी बेटं

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वहीच्या पानाएवढा एक कागद जपून ठेवला आहे. झाक-निकोला बेलँ या फ्रेंच नकाशेकाराने अठराव्या शतकाच्या मध्याला काढलेला बांदा बेटांचा नकाशा. शिरूरला मी आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू ही.

बांदा म्हटलं की आपल्याला सावंतवाडीजवळचं गाव आठवतं. हे बांदा इंडोनेशियाच्या पूर्व भागात आहे. लवंग त्याच्या उत्तरेला तर्नाते, तिदोरे आणि आसपासच्या बेटांवर व्हायची. जायफळ आणि जायपत्री मात्र शेकडो वर्षं साऱ्या जगाला या बांदाच्या मूठभर बेटांवरूनच मिळायची. त्यातलं रन नावाचं बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब. आमच्या तालुक्यात एखाद्या गावाचं शिवारही त्याहून मोठं असतं.

जायफळाशी माझी ओळख मात्र नकाशाच्या कितीतरी आधीची. माझं लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. धाकट्या भावासाठी आजी सहाणेवर बाळगुटी उगाळायची. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड आणि शेवटी जायफळ. त्याचे वळसे ती मोजून द्यायची, कारण एखादा जास्त झाला तर पोर दिवसभर झोपून राहील अशी तिला धास्ती. हे फळ कुठून येतं असं मी विचारलं, तर म्हणाली, "पुण्याहून."

त्या पुण्याच्या पलीकडचा रस्ता मला नकाशांनी दाखवला आणि तो गोव्यावरून गेला. यान हायगन फान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 मध्ये गोव्याला आला आणि तिथल्या आर्चबिशपचा कारकून झाला. पोर्तुगीजांचे सागरी मार्ग, बंदरं, कुठला माल कुठे मिळतो, सगळं तो टिपत राहिला. मायदेशी परतल्यावर 1596 मध्ये त्याचा ग्रंथ छापला गेला. तिकडे पेत्रुस प्लांसियुस या डच नकाशेकाराने पोर्तुगीज नकाशेकार बार्तोलोमेउ लासोच्या नकाशांवरून मसाल्यांच्या बेटांचा नकाशा काढला होता. त्याच्या खालच्या कडेला जायफळ, लवंग आणि चंदनाची चित्रं कोरलेली आहेत. नकाशा कसला, दुकानदाराने मांडलेला मालच तो! मूळ प्रत विकत घेणं माझ्यासारख्याच्या आवाक्यात नाही. तिची छापील प्रतिकृती मी भिंतीवर लावली आहे.

या चित्रांची किंमत बांदाच्या लोकांनी मोजली. 1621 मध्ये यान पीटर्सझोन कून याने डच कंपनीची फौज तिथे उतरवली. बहुतेक बेटकरी मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम झाले किंवा पळाले. पुढे 1667 च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी रनवरचा हक्क सोडला आणि मॅनहटन त्यांच्याकडे राहिलं. बेलँच्या सुबक कोरीवकामाकडे पाहताना यातलं काहीच विसरता येत नाही, आणि विसरू नये म्हणूनच मी तो कागद अधूनमधून बाहेर काढतो.

जुना नकाशा ओळखायचा कसा, हे लोक नेहमी विचारतात. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या कागदावर कडेने पत्र्याचा दाब उमटलेला असतो. बोट फिरवलं की कळतो. त्या काळचा कागद उजेडासमोर धरला की समांतर रेषा दिसतात. भिंगाखाली शाई सलग दिसली तर ठीक. बारीक ठिपके दिसले तर ती अलीकडची छपाई. हे भिंग मी उशिरा घेतलं. त्याआधी एका विक्रेत्याकडून जावाचा 'अस्सल' नकाशा आणला होता. घरी सगळे ठिपकेच निघाले. पैशांपेक्षा त्या नकाशावर रचलेल्या माझ्या कल्पना मोडल्या याचंच दुःख जास्त झालं. आणि कृपा करून कुणी जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. ऊन, ओल आणि कसर यांच्यापासून जपला की तो आपल्यामागेही टिकतो.

मागच्या दिवाळीत नात आली होती. प्रतिकृतीवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, बेटं एवढी मोठी काढलीत, मग यांच्या नकाशात आपलं शिरूर केवढं?" मी तिला हिंदुस्थानचे सोळाव्या-सतराव्या शतकांतले युरोपी नकाशे पुस्तकातून दाखवले. किनाऱ्यावर चौल, दाभोळ, गोवा, नावांची दाटी. घाट चढून वर आलं की भीमा आणि घोडनदीच्या खोऱ्यात जवळपास मोकळा कागद. आमची ज्वारी जहाजात भरायला कुणी येत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडनदीकाठी कंपनीच्या फौजेची छावणी पडली आणि इंग्रजांच्या नकाशांवर शिरूरला जागा मिळाली. 1809 मध्ये इथे वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर गावात अजून आहे. दौंडला इंग्रजांनी 'धोंड' केलं आणि 1878 मध्ये धोंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. बांदाचं उलट झालं. तिथली रोपं इंग्रजांनी बाहेर नेली, जायफळ इतर मुलखांत पिकू लागलं आणि बेटं नकाशावर पुन्हा आपल्या मूळ आकाराची, ठिपक्याएवढी झाली.

सध्या मी त्या रेल्वेमार्गाचा, त्याच काळात छापलेला नकाशा शोधतो आहे. मिळाला तर बेलँच्या शेजारच्या पुठ्ठ्यात त्याची जागा मोकळी ठेवली आहे.