उन्हाळी, वात आणि संवेदी मज्जातंतू

‘उन्हाळी लागणे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वपरिचित आहे. लघवीच्या वेळी होणारी आग आणि उन्हाचा ताप यांची त्यात सांगड घातलेली असून, धने-जिऱ्याचे पाणी हा घरगुती उपायही उष्णतेच्या शमनाच्याच कल्पनेला अनुसरतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघात व मूत्रकृच्छ्र यांना स्वतंत्र अध्याय आहेत. त्यांपैकी ‘कृच्छ्र’ या पदाचा अर्थच कष्ट असा आहे. म्हणजे लोकभाषेत काय किंवा शास्त्रभाषेत काय, व्याधीला नाव मिळाले ते रोग्याला होणाऱ्या पीडेवरून. उतारवयात मात्र नेमकी ही पीडाच पुष्कळदा मुकी होते, आणि नावाबरोबर व्याधीची ओळखही हरवते. असे का व्हावे हे समजण्यासाठी मुळात आग कशी होते, ते पाहिले पाहिजे.

1931 साली लंडन येथे उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कात, रक्तदाब उतरविणारे व आतड्याचे आकुंचन घडविणारे एक द्रव्य आढळले. त्याच्या भुकटीसाठी योजलेले ‘पी’ हे अक्षर कायमचे चिकटले आणि ‘सबस्टन्स पी’ हे नाव रूढ झाले. पारिभाषिक संज्ञांच्या जन्मकथा अनेकदा अशाच आकस्मिक असतात. या द्रव्याची घटना कळण्यास मात्र 1971 साल उजाडावे लागले. सुझन लीमन व त्यांचे सहकारी यांनी ते अकरा अमिनो आम्लांचे पेप्टाइड असल्याचे दाखविले. पुढे 1982-83 च्या सुमारास सदतीस अमिनो आम्लांचे दुसरे एक पेप्टाइड ज्ञात झाले. ते ‘सीजीआरपी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते.

मूत्राशयाच्या अस्तराखाली पसरलेल्या सूक्ष्म संवेदी तंतूंत ही दोन्ही द्रव्ये असतात. संवेदी तंतू म्हणजे मेंदूकडे वार्ता नेणारा केवळ निरोप्या, ही समजूत अपुरी आहे. जंतुसंसर्गाने तो उद्दीपित झाला की एकीकडे मेरुरज्जूकडे संदेश जातो आणि दुसरीकडे त्याच्या टोकातून ही पेप्टाइडे जागच्या जागी स्रवतात. सीजीआरपीमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, सबस्टन्स पीमुळे त्यांतून द्रव पाझरतो, संरक्षक पेशी जागृत होतात. सूज येते, आणि थोडीशी लघवी साठताच पुन्हा जावेसे वाटू लागते. याच तंतूंवर उष्णता आणि मिरचीतील कॅप्सायसिन या दोहोंना प्रतिसाद देणारा एक ग्राहक असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो 1997 साली शोधून काढला व 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्या कार्याचा गौरव झाला. मिरचीचा तिखटपणा, ऊन आणि लघवीची आग यांना लोकव्यवहाराने ‘उष्ण’ या एकाच वर्गात बसविले, ते अगदीच निराधार नव्हते म्हणायचे!

वेदना आणि जंतू यांचे प्रमाण मात्र जुळतेच असे नाही. 2024 साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, वारंवार संसर्ग झाल्यावर मूत्राशयात संवेदी तंतूंना नवे अंकुर फुटतात आणि जंतू नष्ट झाल्यावरही आग व घाई टिकून राहते. अशा रोग्याला पुन्हा पुन्हा प्रतिजैविके दिल्याने काय साधणार?

उतारवयात याच्या उलट प्रकारही संभवतो. मूत्राशय भरल्याची जाणीवच वयोमानाने मंदावते. दीर्घकालीन मधुमेहाने मज्जातंतू दुबळे होतात. स्मृतिभ्रंश झालेल्यास जाणवलेले सांगता येत नाही. मग आगीची तक्रार येतच नाही. अन्नावरची वासना उडते, तोल जातो, कधी माणूस बरळू लागतो, आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘वात झाला.’ उन्हाळी आणि वात ही भाषेने वेगळी ठेवलेली दोन दुखणी एकाच संसर्गाची असू शकतात, हे वैद्यकाने ओळखले, ही मोठीच गोष्ट झाली.

परंतु या ओळखीचाही अतिरेक झाला. वृद्ध बरळला की लघवी तपासावी आणि जंतू दिसले की औषध द्यावे, असा प्रघात पडला. वस्तुतः शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत, कोणताही विकार नसताना, जंतू सापडतात. म्हणून अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2019 साली असे सुचविले की, केवळ गोंधळलेपणा आहे, ताप वा मूत्रमार्गाची लक्षणे नाहीत, अशा वेळी प्रतिजैविकांची घाई न करता अन्य कारणे शोधावीत व रोग्यावर लक्ष ठेवावे. शरीरातील पाणी कमी होणे, मलावरोध, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू केलेले एखादे औषध, यांपैकी काहीही वाताच्या मुळाशी असू शकते. हुडहुडी भरून ताप आला किंवा रक्तदाब घसरला, तर मात्र वाट पाहणे धोक्याचे.

एरवी तपासणीच्या कागदाइतकेच मोल सोबतच्या माणसाच्या सांगण्याला येते: रात्री किती वेळा उठावे लागले, कपडे अलीकडेच ओले होऊ लागले का, ओटीपोटावर हात ठेवल्यास चेहरा आक्रसतो का, बरळणे नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले.