कुएलापचा तट

पेरू देश म्हटला की आपल्याला इंका राजे आठवतात. परंतु सुमारे १४७० च्या सुमारास त्यांनी उत्तरेकडचा अँडीज डोंगर जिंकला, त्यापूर्वी कित्येक शतके तेथे चाचापोया लोक नांदत होते. त्यांचे कुएलाप हे ठाणे सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहे. २०१७ पासून तारेच्या पाळण्यातून डोंगर ओलांडता येतो. शेवटची चढण मात्र पायीच.

समोर चुनखडीच्या दगडांचा तट उभा राहतो. काही ठिकाणी तो वीस मीटरांच्या आसपास उंच आहे. आत जाणारी वाट अरुंद होत होत शेवटी एका माणसापुरती उरते. वर चारशेंहून अधिक गोल घरांची जोती दिसतात. हे सारे उभारणाऱ्यांजवळ लोखंडी हत्यार नव्हते, गाडी नव्हती, बैल नव्हता. होते ते माणसांचे हात.

हा तट म्हणजे नुसती भिंत नव्हे. वस्तीखालची भर तो धरून ठेवतो. भरीत पाणी मुरले की दगडांवर आतून दाब येतो. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या पावसानंतर तटाचा काही भाग कोसळला आणि डागडुजी हाती घ्यावी लागली.

चाचापोयांनी लेखी इतिहास ठेवला नाही. त्यांच्या श्रमाचा दाखला हे दगडच देतात. म्हणून तेथे जाणाऱ्याने बांधणाऱ्यांइतकाच आज तो तट सावरणाऱ्या कामगारांनाही मान द्यावा.