फवाऱ्यातले तिखट किती टक्के?

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पुष्कळ लोक मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याची छोटी डबी जवळ बाळगतात. हा फवारा किती तीव्र असावा, यावर तेथील काही राज्ये कायद्याने मर्यादा घालतात. मिशिगन राज्यात ही मर्यादा आधी २ टक्के होती, पुढे १० टक्के झाली आणि आता ती १८ टक्के आहे. मग फवारा पूर्वीच्या नऊपट तिखट झाला असे म्हणावे काय?

याचे उत्तर देण्यापूर्वी हे टक्के कशाचे, ते पाहू. मिरचीची पूड द्रावकात भिजवून नंतर द्रावक उडवून लावला, की दाट, तांबडा, तेलकट अर्क उरतो. त्याला ओलिओरेझिन कॅप्सिकम म्हणतात. कायद्यातले टक्के या अर्काचे आहेत. पण अर्कात तेल, राळ आणि रंगद्रव्येही असतात. झोंबणारे द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन आणि त्याच्या जातीची संयुगे. त्यांचे प्रमाण मिरचीप्रमाणे बदलते. ब्याडगी मिरची रंगाला आणि लवंगी तिखटाला, हे आपल्या स्वयंपाकघरातही ठाऊक असते.

आता एक गणित करू. समजा, एका अर्कात झोंबणारी द्रव्ये २ टक्के आहेत. त्याचा १८ टक्के फवारा केला, तर त्यात ही द्रव्ये ०.३६ टक्के येतील. दुसऱ्या अर्कात ती १० टक्के असतील, तर १० टक्क्यांच्या फवाऱ्यातही ती १ टक्का भरतील. डबीवरचा आकडा लहान, पण फवारा जवळजवळ तिप्पट तीव्र!

कॅप्सेसिन डोळ्यांना जाळते म्हणजे काय करते? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी प्रथिने असतात. सुमारे ४३ अंश सेल्सिअस तापमानाला ती उघडतात व मेंदूला ‘भाजले’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन तीच प्रथिने उष्णतेवाचून उघडते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली असे प्रथिन शोधले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

गंमत पाहा, अस्वलांना पळवणाऱ्या फवाऱ्यासाठी अमेरिकेची पर्यावरण संस्था अर्क न मोजता झोंबणारी द्रव्येच मोजते आणि ती १ ते २ टक्के असावीत असे सांगते. माणसांसाठीच्या कायद्यालाही हेच माप हवे. हल्लेखोर थांबला पाहिजे आणि त्याच्या डोळ्यांना कायमची इजा होता कामा नये, या दोन्ही गोष्टी त्या द्रव्यावर अवलंबून आहेत. म्हणून टक्केवारी दिसली, की आधी विचारा: हे टक्के कशाचे?