आयपीएल लिलाव: संघाला कोण हवंय हे कसं ठरतं? बोरिवलीच्या एकाच शाळेतल्या दोघांची वेगळी गोष्ट

नोव्हेंबर २०२४. सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात आयपीएलचा महालिलाव सुरू होता. त्याआधीच मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला १६.३० कोटी रुपयांना संघात कायम ठेवलं होतं. शार्दूल ठाकूरचं नाव मात्र लिलावात पुकारलं गेलं आणि १० पैकी एकाही संघाने त्याच्यासाठी बोली लावली नाही.

दोघंही बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे विद्यार्थी. दोघांचेही प्रशिक्षक दिनेश लाड. शार्दूल मूळचा पालघरचा. लोकलचा रोजचा लांबचा प्रवास वाचावा म्हणून तो काही काळ लाड सरांच्या घरी राहून शिकला. दोघंही पुढे भारतासाठी तिन्ही प्रकारचं क्रिकेट खेळले.

शार्दूलला २०२२ च्या लिलावात दिल्लीने १०.७५ कोटी रुपये मोजले होते. मग अडीच-तीन वर्षांत त्याचा खेळ इतका घसरला का? याचं उत्तर शार्दूलच्या खेळापेक्षा संघांच्या वहीत जास्त सापडतं. लिलावाला जाण्याआधी प्रत्येक संघ आपल्याकडच्या रिकाम्या जागांची यादी करतो. ही यादी नेमकी कशी तयार होते?

आधी गणित, मग क्रिकेट

२०२५ च्या मोसमासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. संघात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू. त्यात परदेशी खेळाडू जास्तीत जास्त आठ आणि प्रत्यक्ष सामन्यातल्या अकरा जणांत चारच.

मुंबईने पाच खेळाडू कायम ठेवले. जसप्रीत बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्या प्रत्येकी १६.३५ कोटी, रोहित १६.३० कोटी आणि तिलक वर्मा ८ कोटी. बेरीज ७५ कोटी. म्हणजे उरलेला अख्खा संघ ४५ कोटींत उभा करायचा होता.

पैशांचा हिशोब झाला की कागदावर अकरा रकाने आखले जातात. सलामीला कोण, यष्टिरक्षक कोण, नवा चेंडू कुणाच्या हातात, मधल्या षटकांत फिरकी कोण टाकणार, शेवटच्या चार षटकांत कोण? ज्या रकान्यात नाव आहे तो बंद, ज्यात नाही ती संघाची गरज.

मुंबईच्या कागदावर चार फलंदाजांची नावं होती, त्यातला हार्दिक अष्टपैलू. वेगवान गोलंदाजीत बुमराह. पण ईशान किशनला सोडल्यामुळे यष्टिरक्षकाचा रकाना रिकामा होता. खास फिरकीपटू एकही नव्हता. बुमराहसोबत नवा चेंडू टाकणारा जोडीदार नव्हता. परदेशी खेळाडूंच्या तर आठही जागा मोकळ्या होत्या.

कुठली गरज सगळ्यात मोठी?

सगळ्या रिकाम्या जागा सारख्या महत्त्वाच्या नसतात. त्यांचा क्रम लावताना साधारण तीन गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली, घरचं मैदान. साखळीतल्या १४ पैकी सात सामने घरच्या मैदानावर होतात. वानखेडेची सीमारेषा जवळ आहे, लाल मातीच्या खेळपट्टीवर चेंडू उसळतो आणि सुरुवातीला स्विंगही होतो. इथे पहिल्या सहा षटकांत विकेट काढणारा गोलंदाज सोन्याच्या मोलाचा ठरतो.

दुसरी, बाजारातली टंचाई. दर्जेदार यष्टिरक्षक-फलंदाज परदेशातून कमी किमतीत मिळू शकतो. नवा चेंडू स्विंग करणारा अनुभवी भारतीय गोलंदाज मात्र सहज सापडत नाही. ज्या प्रकारचे खेळाडू कमी, तिथे जास्त पैसे राखून ठेवावे लागतात.

तिसरी, दुखापतीचा धोका. संघाची अख्खी गोलंदाजी एकाच माणसावर उभी असेल, तर तो नसताना काय हे आधीच ठरवावं लागतं.

मुंबईची खरेदी या चौकटीत ठेवून पाहिली की तिचा अर्थ लागतो. ट्रेंट बोल्टसाठी १२.५० कोटी आणि दीपक चहरसाठी ९.२५ कोटी. दोघंही नव्या चेंडूचे गोलंदाज आणि दोघांवर मिळून २१.७५ कोटी, म्हणजे हातातली जवळपास निम्मी रक्कम. यष्टिरक्षक रायन रिकल्टन एका कोटीत मिळाला, फिरकीपटू मिचेल सँटनर दोन कोटींत. नमन धीरला ५.२५ कोटींना ‘राइट टू मॅच’ वापरून परत घेतलं. पाच आंतरराष्ट्रीय खेळाडू आधीच कायम ठेवल्यामुळे हा हक्क मुंबईला फक्त देशासाठी न खेळलेल्या खेळाडूसाठीच वापरता येणार होता.

लिलाव संपला तेव्हा मुंबईकडे २३ खेळाडू होते आणि खिशात उरले होते फक्त २० लाख.

अमेरिकेत हेच काम कसं होतं?

संघाची गरज मोजण्याचा हा खेळ सगळ्यात गाजतो तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. तिथल्या एनएफएल स्पर्धेत लिलाव नसतो, ‘ड्राफ्ट’ असतो. १९३६ पासून ही पद्धत सुरू आहे. ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये कॉलेजमधून येणारे खेळाडू निवडतात. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते आणि विजेत्याला सर्वांत शेवटची.

दरवर्षी ड्राफ्टच्या आधी तिथे एकच वाद रंगतो. आपली रिकामी जागा भरणारा खेळाडू घ्यायचा, की समोर असलेल्यांतला सर्वोत्तम घ्यायचा, मग त्याची जागा आपल्याकडे भरलेली असली तरी? फक्त गरज पाहणारा संघ मोठा खेळाडू हातचा घालवू शकतो. फक्त गुणवत्ता पाहणाऱ्या संघाकडे एकाच जागेसाठी तिघं आणि दुसऱ्या जागेसाठी कुणीच नाही, अशी वेळ येऊ शकते.

२०२४ मध्ये मुंबई इंडियन्स १४ पैकी चारच सामने जिंकून दहाव्या स्थानावर राहिली होती. एनएफएलचा नियम असता तर पुढच्या मोसमाची पहिली निवड मुंबईची असती. आयपीएलमध्ये तळाच्या संघाला अशी सवलत नाही. सगळ्यांची मर्यादा सारखीच, त्यामुळे चुकीच्या जागेवर खर्च केलेला पैसा भरून निघत नाही.

मग शार्दूलचं काय झालं?

कोणताही संघ एखाद्या खेळाडूला न घेण्याचं कारण सहसा जाहीर करत नाही. पण गणित समोर आहे. शार्दूलची मूळ किंमत दोन कोटी होती. मुंबईने वेगवान गोलंदाजीवर मोठा खर्च केला होता आणि इतर संघांच्याही आपापल्या याद्या होत्या.

त्यात २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम आहे. सामन्यात एक खेळाडू बदलता येत असल्याने संघ एक जादा फलंदाज किंवा गोलंदाज खेळवू शकतो. थोडी गोलंदाजी आणि थोडी फलंदाजी करणाऱ्याची गरज त्यामुळे कमी होते. या नियमाने अष्टपैलू मागे पडतात, असं रोहित शर्माने २०२४ मध्ये जाहीरपणे म्हटलं होतं.

चार महिन्यांनी चित्र बदललं. लखनौचा मोहसिन खान दुखापतीमुळे बाहेर पडला, एक रकाना अचानक रिकामा झाला आणि शार्दूलला बोलावणं आलं. मार्च २०२५ मध्ये हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत चार बळी घेतले. नोव्हेंबरमध्ये विकला न गेलेला आणि मार्चमध्ये सामना फिरवणारा शार्दूल एकच होता. लखनौची गरज तेवढी बदलली होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सने लखनौकडून त्याला दोन कोटींना थेट घेतलं. बोरिवलीच्या शाळेतले दोघं आता एकाच संघात आले.

कमी पैशांत जागा कशा भरतात?

डिसेंबर २०२५ मध्ये अबुधाबीत छोटा लिलाव झाला. मुंबईकडे सगळ्यात कमी, म्हणजे २.७५ कोटी रुपये होते. जागा पाच, त्यातली परदेशी फक्त एक. ती जागा आणि एक कोटी रुपये क्विंटन डी कॉकसाठी गेले. उरलेल्या चार जागांवर प्रत्येकी ३० लाखांना चार भारतीय आले. त्यातला एक अथर्व अंकोलेकर.

अथर्व अंधेरीचा. लहानपणी वडील गेले आणि आईने बेस्टमध्ये कंडक्टरची नोकरी करून घर सांभाळलं. २०१९ मध्ये १९ वर्षांखालील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने २८ धावांत पाच बळी घेतले होते. त्यानंतर आयपीएलचं दार उघडायला सहा वर्षं गेली.

तो डावखुरा फिरकीपटू आहे आणि खाली येऊन फटकेबाजीही करतो. सँटनरही साधारण असाच खेळाडू, पण परदेशी. त्याच प्रकारचा भारतीय खेळाडू हाताशी असेल, तर अकरा जणांतली एक परदेशी जागा दुसऱ्या कामासाठी मोकळी करता येते. ३० लाखांत मिळालेली ही सोय संघासाठी स्वस्त आहे.

असे खेळाडू शोधण्यासाठी संघांचे निरीक्षक वर्षभर सय्यद मुश्ताक अली करंडकापासून राज्यांच्या छोट्या लीगपर्यंत फिरतात. सहा वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये परतलेल्या टी-२० मुंबई लीगमध्येही अंधेरी, वांद्रे, पश्चिम उपनगरं आणि ईशान्य मुंबईच्या नावाचे संघ होते. ३० लाखांची नावं बहुतेक वेळा अशाच मैदानांवर सापडतात.

लिलाव पाहताना काय लक्षात ठेवायचं?

लिलावात बोलीच्या आकड्याआधी तीन प्रश्न विचारावेत. या संघाचा कोणता रकाना रिकामा आहे? त्या प्रकारचे किती खेळाडू अजून बाकी आहेत? आणि संघाच्या हातात किती पैसे उरलेत? या तीन उत्तरांवरून पुढची बोली कुठे थांबेल याचा बराचसा अंदाज येतो.

उपनगरातल्या मैदानांवर सकाळी सहाला किट घेऊन जाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. बोली न लागणं हा गुणवत्तेवरचा शेवटचा शब्द नसतो. त्या दिवशी, त्या किमतीत, त्या जागेची कुणाला गरज नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. गरज कधी निर्माण होईल हे खेळाडूच्या हातात नसतं. ती निर्माण होईल तेव्हा तयार असणं मात्र असतं.