मोटारीची पट्टी

गाण्याच्या मास्तराने मोटारीच्या नळ्यांविषयी लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात एका शिष्यापायी मला ह्या विषयात शिरावे लागले, त्यात माझी चांगलीच फजिती झाली, आणि तिच्यातून जे शिकायला मिळाले ते चार जणांच्या कानावर घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

शिष्याचे घराणे मूळ नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली, तेव्हा सचिवालयाच्या बाडबिस्तऱ्याबरोबर जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांतले हे एक. आजोबा सायकलवर कचेरीत गेले. वडिलांनी मात्र हौसेने एक मोटार घेतली, आणि तीही साधीसुधी नव्हे. १९९८ साली गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन दारांची, दोन माणसांची छोटी स्पोर्ट्स कार निघाली होती. तिचे अंग फायबरचे, आणि इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे, ११४९ सी.सी.चे, साठेक अश्वशक्तीचे. त्या गाड्या आता निघत नाहीत. रस्त्यावर क्वचितच दिसतात. शिष्याचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले. गाडी राहिली.

तिच्या मॅनिफोल्डला तडा गेला आणि प्रश्न उभा राहिला. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर एकत्र करून मागच्या सायलेन्सरकडे लावून देणारा भाग. कारखान्यातून येतो तो सहसा ओतीव लोखंडाचा, आखूड आणि आटोपशीर असतो. त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी देऊन त्या पुढे जुळवतात, त्याला हेडर म्हणतात. मूळ भाग कुठे मिळेना, तेव्हा हेडर बसवायचे ठरले. चिरंजीव फोनवर दोन ध्वनिमुद्रणे घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “गुरुजी, तुमच्या कानाइतका कान कुणाचा आहे? ह्यातला सूर कोणाचा चांगला, तेवढे सांगा.”

कौतुकाने माणूस फसतो. मी डोळे मिटून दोन्ही ऐकली. पहिल्यात चारही नळ्या एकदम एका नळीत मिळत होत्या. त्याला ४-१ म्हणतात. दुसऱ्यात चाराच्या दोन आणि दोनाची एक होत होती, ते ४-२-१. पहिल्याचा आवाज कसा भरदार, तार सप्तकात मोकळा सुटणारा! दुसरा आपला दबलेला. मी बेधडक पहिल्यावर बोट ठेवले. एका कारखान्यातून २८,००० रुपये मोजून तो बनवून आला. नळ्या जाड नि आखूड, आणि “ह्याच्याबरोबर हाच शोभतो” म्हणून मागे एक मोकळा सायलेन्सरही.

पहिल्या रविवारी आम्ही भारत भवनला एका मैफलीस निघालो. श्यामला हिल्सच्या चढावर गाडीने मान टाकली. दुसऱ्या गिअरात ती हुंदके देऊ लागली. पहिल्यात घालून इंजिन ओरडायला लावावे तेव्हा कुठे हलली. ही गाडी पूर्वी हाच चढ बोलत-बोलत चढत असे. लोक वळून पाहत होते, ते कौतुकाने नव्हे.

खरा घाव रात्री बसला. शिष्याचे वडील हयात असताना गाडी गल्लीच्या वळणावर आली की वहिनी आवाजावरून ओळखत आणि चहाचे आधण ठेवत. मुलगा चालवू लागला तेव्हाही हा नेम चालू होता. त्या रात्री आम्ही दारात पोचलो तर घरात दिवा नाही, चूल थंड. वहिनी म्हणाल्या, “मला वाटलं, कुणीतरी परकं आलंय.” शिष्याने मान खाली घातली. मी काय बोलणार? निवड माझीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिपलानीच्या बाजूला एका मिस्त्रींकडे गेलो. आयुष्य ‘भेल’च्या कारखान्यात जोडकामात गेलेले, आता निवृत्त. मी त्यांना आवाजाचे वर्णन ऐकवू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि अस्सल भोपाळी ढंगात विचारले, “को खाँ, आवाज़ छोड़ो। ये बताओ, गाड़ी चलानी कहाँ है?”

हा प्रश्न ऐकून मी चपापलो. कारण हाच प्रश्न मी रोज नव्या विद्यार्थ्याला विचारतो: बाबा रे, तुझा गळा कुठे चालतो? काळी एकमध्ये चालत असेल तर काळी चारचा हट्ट कशाला? आमचे वडील म्हणत, गळ्याला पेलेल ती पट्टी. ऐकणाऱ्याला दिपवेल ती नव्हे. तंबोरा लावताना जे मी कधी विसरलो नाही, ते मोटारीपुढे साफ विसरलो.

मिस्त्रींनी खडूने फरशीवर जे काढून दाखवले ते माझ्या भाषेत सांगतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात धुराचे दोन हुंकार बाहेर पडतात. मिनिटाला ३,००० फेरे झाले तर सेकंदाला १०० हुंकार; ६,००० झाले तर २००, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. १,५०० ला ५०, एक सप्तक खाली. सुमारे ४,१५० फेऱ्यांवर इंजिन काळी एकच्या षड्जावर येते! आता प्रत्येक हुंकाराबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. बाहेरच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. नळीतल्या तापलेल्या धुरात ५०० मीटरांच्याही वर. ही लाट जिथे नळ्या जुळतात तिथे पोचली की ओढीची लाट होऊन उलटी फिरते. ती परत येताना झडप नेमकी उघडी असेल तर सिलिंडरात उरलासुरला धूर खेचून काढते आणि ताज्या हवेला वाट करून देते. झडप मिटल्यावर आली तर व्यर्थ. म्हणजे सगळा खेळ वेळेचा, आणि वेळ ठरते नळीच्या लांबीवर. बासरीत जसे आखूड नळीला उंच सूर आणि लांब नळीला खालचा, तसेच येथेही: आखूड नळी वरच्या फेऱ्यांना साथ देते, लांब नळी खालच्या.

आमचा ४-१ शर्यतीच्या मैदानावर, सतत साडेपाच-सहा हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीला शोभला असता. भोपाळात जुन्या चौकाच्या गर्दीतून आणि टेकड्यांच्या चढउतारातून शिष्याची गाडी पंधराशे ते साडेतीन हजारांतच वावरते. तिला मंद्र आणि मध्य सप्तकाचा आधार हवा होता, तो आम्ही काढून घेतला होता. त्यात नळ्या जाड. जाड नळीत धुराचा वेग मंदावतो आणि खालचा जोर आणखी जातो.

आणि माझा तो कान? त्या दोन ध्वनिमुद्रणांतल्या गाड्यांचे सायलेन्सरच वेगवेगळे होते. आवाजाचा मोठेपणा हेडर फारसा ठरवत नाही, सायलेन्सर ठरवतो. मी वाद्याची परीक्षा करायला बसलो आणि ध्वनिवर्धकाला गुण देऊन आलो.

नवा ४-२-१ मिस्त्रींनी स्वतः बनवला. ज्यांस असे काम करायचे असेल त्यांनी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. ह्या जातीच्या इंजिनात सिलिंडर १-३-४-२ ह्या क्रमाने पेटतात. म्हणून पहिल्याची जोडी चौथ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी हवी, म्हणजे जोडीतले हुंकार समान अंतराने येतात, एकमेकांवर आदळत नाहीत. नळ्यांची लांबी शक्य तितकी सारखी असावी. आमच्या नळ्या ४२ मिलिमीटरवरून ३५ वर आल्या. साधे पोलाद स्वस्त, पण गंजते. ३०४ जातीचे स्टेनलेस टिकते, मात्र तापल्यावर जास्त फुगते, म्हणून इंजिनाला टेकणारी पट्टी जाड आणि सपाट हवी, नाहीतर तिथून धूर फुसफुसतो. परदेशी तयार हेडर मागवताना तो डाव्या सुकाणूच्या गाडीचा नाही ना, हे आधी पाहावे. नाहीतर नळी नेमकी सुकाणूच्या दांड्यावर येते. ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याची जागा राखावी, आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो काढू देऊ नये. लाभाचे म्हणाल तर साठ अश्वशक्तीच्या इंजिनात केवळ हेडरने वाढणारी शक्ती बोटांवर मोजण्याइतकीच. पण ती योग्य ठिकाणी मिळाली तर चढावर कळते.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिनियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. आवाज आणि धुराचे नियम मोडणाऱ्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्यात कलम १९०(२) आहे. २०१९च्या दुरुस्तीने त्यातला दंड पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत नेला. आम्ही मोकळा सायलेन्सर काढून मूळचा परत बसवला. पहिले २८,००० मात्र पाण्यात गेले. त्यातले निम्मे मी देऊ केले. शिष्याने घेतले नाहीत. त्याऐवजी वर्षभराची फी माफ करून घेतली, हे मला न्याय्य वाटले.

परवा पुन्हा मैफलीला गेलो. श्यामला हिल्सचा चढ गाडी दुसऱ्या गिअरात, पूर्वीसारखी बोलत-बोलत चढली. आवाज अगदी जुनाच आहे असे मी म्हणणार नाही. किंचित गोलाई आली आहे. माझ्या कानावर आता माझाच फारसा भरवसा नाही, म्हणून मी काही बोललो नाही. गल्लीच्या वळणावर शिष्याने गिअर खाली घेतला. आम्ही जिना चढलो तेव्हा वहिनींनी दार उघडेच ठेवले होते, आणि आतून आल्याचा वास येत होता.