कुंडलिकेचा जलप्रवास

काशीला नावेत बसलेल्या यात्रेकरूला नावाडी एकेका घाटाचे नाव सांगत जातो. पॅरिसला सीन नदीतून बोटी हिंडतात, तेथेही राजवाडे आणि पूल दाखविण्यात येतात. घाट कोणी बांधविला हे दोन्हीकडे कळते. दगड कोणी वाहिले हे मात्र कळत नाही. आपली कुंडलिका ह्या नद्यांपुढे धाकटी. तरी भिऱ्यापासून रेवदंड्यापर्यंत तिच्यावरून जाणाऱ्या प्रवाशाला काय दाखवावे आणि काय सांगावे, ह्याचा आज विचार करू. एकाच होडीतून हा प्रवास व्हायचा नाही, कारण वाटेत कोलाडजवळ डोलवहालचा बंधारा आहे. म्हणून त्याचे टप्पे पाडले पाहिजेत.

पहिला टप्पा डोंगरापायथ्याचा. साजे गावापासून सुमारे १२ किलोमीटर रबरी तराफ्यातून खळाळत्या पाण्यावरून जाण्यासाठी मुंबई-पुण्याची मंडळी येथे येतात. पावसाळा सरला की कोकणातल्या नद्यांची पात्रे उघडी पडतात. मग हिवाळ्यातल्या सकाळी येथे एवढे पाणी कोठून येते? ते मूळचे ह्या नदीचे नव्हेच. मुळा नदी पूर्ववाहिनी; तिचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जायचे. मुळशीला धरण बांधून ते अडविले आणि सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली उतरविले. भिऱ्याच्या वीजगृहातील चक्रे फिरवून ते कुंडलिकेत येते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. आजही वीजगृहातून पाणी सुटते, तेव्हाच तराफे चालतात.

ह्या पाण्याची किंमत मावळातल्या शेतकऱ्याने दिली. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. तो यशस्वी झाला नाही. भाताची खाचरे आणि घरे पाण्याखाली गेली. वीज मुंबईला गेली. तेव्हा शेतकऱ्याची जमीन आणि शहरातल्या कामगाराची भाकरी ह्यांची गाठ त्या धरणात पडली, हे कामगार चळवळीतल्या माणसाने तरी विसरता कामा नये. तराफ्यात पाय ठेवण्यापूर्वी प्रवाशाला दोन मिनिटे मुळशीची हकीकत सांगितली, तर त्याच्या आनंदात काही उणे पडणार नाही.

दुसरा टप्पा रोह्याचा. एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी, वर अवचितगड. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ह्याच परिसरातले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. हे सगळे प्रवाशाला आपण अभिमानाने दाखवू. पण धाटावची रासायनिक वसाहत आली की तोंड फिरवून चालणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आलेले आहे. येथे पुष्कळजण विचारतात, "कारखाना हवा की नदी?" हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. जे रसायन नदीत जाते, ते आधी कारखान्यातल्या कामगाराच्या हाताला आणि छातीला भेटते. नंतर ते कोळ्याच्या जाळ्याला भेटते. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च टाळणारा मालक कामगाराच्या सुरक्षिततेचाही खर्च टाळील, असे धरून चालावे. म्हणून कामगार आणि कोळी हे एकाच मागणीचे दोन वाटेकरी आहेत.

तिसरा टप्पा खाडीचा. येथे वीजगृहाची सत्ता संपते आणि चंद्राची सुरू होते. दिवसातून दोनदा भरती, आणि ती रोज सुमारे पाऊण तास उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भरतीबरोबर वर यायचे, ओहोटीबरोबर खाली जायचे, ह्या हिशेबावर शिडाची गलबते चालत. हे गणित खलाशाच्या डोक्यात असे, कागदावर नव्हे. मुखाशी उत्तरेला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, दक्षिणेला कोर्लई. ही दोन्ही ठाणी १७४० साली मराठ्यांकडे आली. कोर्लईत पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही बोलली जाते. जवळच प्राचीन चौल. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात तेथेच उतरला.

असा प्रवास उद्या कोणी सुरू केला, तर आपण तीन गोष्टी आधी मागाव्यात. नाव हाकणाऱ्याला बारमाही पुरेल असे वेतन आणि अपघाताचा विमा असावा. प्रत्येक प्रवाशाला तरंगते जाकीट मिळावे. माहिती सांगण्याचे काम खाडीकाठच्या कोळी तरुणांना आणि तरुणींना द्यावे. पाठ केलेल्या चोपडीपेक्षा त्यांना पाणी अधिक कळते. पेणकरांनीही हाच हिशेब आपल्या भोगावतीला आणि अंतोऱ्याच्या बंदराला लावून पाहावा.