ई-मेल जातो, माणूस पोहोचतो का?

“वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! खास आपल्यासाठी दहा टक्के सवलत!” असा ई-मेल तीन वर्षांपूर्वी आमच्या नावाने एका जुन्या ग्राहकाला गेला. दोन दिवसांनी उत्तर आले. “मी त्यांची पत्नी. त्यांचा इंतकाल होऊन पाच महिने झाले. तुम्हाला मीच फोन केला होता. तुम्ही दुआही केली होती.”

एवढेच. त्यात राग नव्हता. असता तर कदाचित आम्हाला सोपे गेले असते.

आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. घरची हापूसची कलमे आहेत. त्याच्या जोडीला कोकम, आंबापोळी आणि मसाले असा घरगुती व्यवसाय आहे. ग्राहक मुंबई-पुण्याचे, काही आखाती देशांत नोकरीला असलेले, जे तिथून पैसे पाठवून गावाकडच्या अम्मी-अब्बांसाठी पेटी मागवतात. ती बातमी आम्हाला खरोखरच ठाऊक होती. फोन आला तेव्हा घरातले सगळे हळहळलो होतो. पण ई-मेल आम्ही पाठवतच नव्हतो. तो संगणक पाठवत होता, आणि संगणकाला कुणी काही सांगितले नव्हते.

अब्बांची वही

पूर्वी हे काम अब्बा करत. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. पानावर ग्राहकाचे नाव, पत्ता, किती पेट्या, पैसे आले की नाही, आणि शेवटी ‘शेरा’. खरी गंमत त्या शेऱ्यात असे. ‘पिकलेला नको, कच्चा धाडणे.’ ‘चौथा मजला, लिफ्ट नाही, लहान पेटी.’ ‘मुलीचे लग्न मे महिन्यात.’ हंगामाच्या आधी अब्बा ही वही पुढ्यात घेऊन पन्नास-साठ पोस्टकार्डे लिहीत. प्रत्येकावर मजकूर चार ओळींचाच, पण एक ओळ त्या घरासाठी वेगळी.

ग्राहक वाढले तशी आम्ही यादी संगणकात भरली. नाव, ई-मेल, फोन, जन्मतारीख. शेऱ्याचा रकाना मात्र आम्ही गाळला. तो कशाला लागणार, असे वाटले. पुढे बाजारात मिळणारा तयार मजकूर घेतला, रंगीत चित्रे टाकली आणि महिन्याला एक बातमीपत्र सुरू केले. ते दिसायला छान होते. पण त्याला कधी कुणाचे उत्तर येत नसे.

‘प्रिय शेख’

त्या उत्तरानंतर आम्ही सगळी जुनी पत्रे उघडून पाहिली. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ई-मेल पाठवणारी प्रणाली ‘प्रिय’च्या पुढे नावाचा पहिला शब्द उचलते. आपल्याकडे बऱ्याच नावांच्या आधी मोहम्मद, शेख किंवा सय्यद असते. त्यामुळे आमच्या यादीतल्या कितीतरी जणांना ‘प्रिय शेख’ आणि ‘प्रिय मोहम्मद’ अशी पत्रे जात होती. ज्यांनी आडनाव आधी लिहिले होते ते नुसतेच ‘प्रिय पाटील’ झाले होते. ज्यांच्या दारात आम्ही चहा प्यायलो, त्यांना आम्ही असे हाकारत होतो!

मग आम्ही यादीत दोन रकाने वाढवले. पहिला ‘हाक’. समोर भेटल्यावर आपण जे म्हणतो तेच त्यात लिहायचे : भाभी, काकू, मास्तर, डॉक्टरसाहेब. कुणाला ‘अस्सलामु अलैकुम’ आणि कुणाला ‘नमस्कार’ हेही तिथेच. दुसरा रकाना ‘शेरा’. अब्बांनी वही वाचून सांगितली आणि आम्ही टंकत गेलो. चार रात्री लागल्या. जन्मतारखेचा रकाना मात्र पुसून टाकला. आंबे विकायला जन्मतारीख लागत नाही. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचाही रोख हाच आहे की कामापुरतीच माहिती घ्यावी आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरावी.

एकाच माणसाला लिहा

अमेरिकेतील नामांकित गुंतवणूकदार वॉरेन बफे दरवर्षी आपल्या भागधारकांना पत्र लिहीत. लाखो लोक ते वाचत. १९९८ मध्ये त्यांनी सांगितले होते की पत्र लिहिताना ते आपल्या बहिणींशी बोलत आहेत अशी कल्पना करतात. बहिणी हुशार आहेत, पण हिशेबातल्या तज्ज्ञ नाहीत. त्यांना समजेल असे लिहायचे. आम्हीही आता तेच करतो. पुण्यातल्या एका वयस्क काकू डोळ्यांसमोर ठेवतो. त्यांना वाचून दाखवताना जीभ अडखळेल असा शब्द काढून टाकतो. ‘प्रीमियम दर्जा’, ‘अविस्मरणीय अनुभव’ हे शब्द असेच गळाले.

त्यांच्या जागी बागेतली खरी बातमी आली. एका वर्षी आम्ही लिहिले, “थंडी उशिरा पडली, पहिला मोहोर कमी आला. आंबा पंधरा दिवस उशिरा मिळेल. ज्यांना ईदसाठी हवा आहे त्यांनी आमच्यावर विसंबू नये.” काही ग्राहक त्या वर्षी दुसरीकडे गेले. पण त्या एका पत्राला जितकी उत्तरे आली, तितकी आधीच्या सगळ्या रंगीत पत्रांना मिळून आली नव्हती. आंबा कापल्यावर आत साका निघाला तर काय करायचे, पेंढ्यात आढी कशी लावायची, हेही लिहितो. खाली घरातल्या ज्याने लिहिले त्याचे नाव असते.

इथे एक सावधगिरी हवी. शेरा हा आपल्यासाठी आहे, मिरवण्यासाठी नाही. कुणाला मधुमेह आहे हे ठाऊक असेल तर लहान पेटी सुचवावी. ‘तुमच्या साखरेची काळजी वाटते’ असे पत्रात लिहू नये. तो ई-मेल घरातले कुणीही उघडू शकते. सुखदुःखाचे बोलणे फोनवरच बरे.

काही व्यवहाराच्या गोष्टी

घरातून लहान व्यवसाय चालवणाऱ्या भगिनींच्या उपयोगी पडाव्यात म्हणून आम्ही शिकलेल्या गोष्टी सांगतो.

सर्वांचे पत्ते ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये टाकू नका, प्रत्येकाला इतर सर्वांचे पत्ते दिसतात. ‘बीसीसी’ वापरा किंवा मेल मर्जने प्रत्येकाला स्वतंत्र पत्र पाठवा. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच पत्र जाते, हेही लक्षात ठेवा.

‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असा पत्ता वापरू नका. उत्तर आले तर ते घरातल्या कुणाला तरी दिसले पाहिजे.

‘पत्रे नको असल्यास कळवा’ ही सोय ठळक ठेवा. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना गुगल आणि याहू यांनी २०२४ पासून एका क्लिकवर नाव काढण्याची सोय सक्तीची केली आहे. आपण लहान असलो तरी तो शिष्टाचार पाळावा.

किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर फार जाऊ नका. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या सोयीमुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे दिसते. उत्तरे किती आली ते मोजा.

आणि पाठवण्याआधी एक प्रत स्वतःला पाठवून ‘प्रिय’च्या पुढचा शब्द तपासा.

त्या घरी

त्या भाभींना आम्ही ई-मेलने माफी मागितली नाही. अब्बांनी पोस्टकार्ड लिहिले. काय लिहिले ते आम्ही विचारले नाही.

पुढच्या हंगामात त्यांचा फोन आला. एक पेटी हवी होती, नेहमीसारखी जरा कच्ची. यादीत मरहूम पतीच्या जागी आम्ही त्यांचे नाव घातले. अब्बांनी वहीतही बदल केला. जुने नाव त्यांनी खोडले नाही. खाली नवी ओळ ओढली आणि शेऱ्यात लिहिले, ‘फोन करून विचारपूस करणे.’

तोच शेरा आता संगणकातही आहे.